हवाई अंतर व प्रवासकाल
हवाई अंतर व प्रवासकाल : दोन नगरांमधील भूपृष्ठावरील लघुतम अंतर आणि ते विमानाने कापण्यास लागणारा काळ. अंतर भूमितीने निश्चित होते. प्रवासकाल मात्र वारे, विमानाची क्षमता आणि राष्ट्राराष्ट्रांतील संबंध यांवर अवलंबून असतो. फिनलंडची राजधानी हेलसिंकी व जपानची राजधानी टोकिओ यांमधील मार्ग हे याचे बोलके उदाहरण होय.

अंतर : गोलाच्या केंद्राभोवती त्याच्या पृष्ठावर काढलेल्या वर्तुळास बृहद्‌वृत्त म्हणतात. गोलावरील दोन बिंदूंमधील लघुतम मार्ग हा अशा वर्तुळाचा लहान कंस असतो. पृथ्वीवर १° कंसाची लांबी सु. १११ किमी. भरते. हेलसिंकी व टोकिओ यांमधील कंस सु. ७०° असल्याने अंतर सु. ७,८०० किमी. येते. हेलसिंकी सु. ६०° उ. व टोकिओ सु. ३६° उ. अक्षांशावर असल्यामुळे सपाट नकाशात मार्ग आग्नेयीकडे जावा असे वाटते; प्रत्यक्षात लघुतम मार्ग प्रथम ईशान्येकडे निघून सायबीरियावरून जातो.

प्रवासकाल : ताशी सु. ९०० किमी. वेगाने हे अंतर पावणेनऊ तासांत कापता येते. धावपट्टीवरील हालचाल, चढण व उतरण धरून २०२२ पूर्वी हा प्रवास सु. साडेनऊ तासांचा होता. पश्चिमेकडून वाहणाऱ्या उच्चस्तरीय जेट प्रवाहामुळे पूर्वेकडील प्रवासास साहाय्य व परतीच्या प्रवासास विरोध होतो. दोन्ही नगरांच्या घड्याळांत हिवाळ्यात ७ व उन्हाळ्यात ६ तासांचा फरक असतो; प्रवासकाल काढताना तो हिशेबात घ्यावा लागतो.

हवाई क्षेत्राचे निर्बंध : १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्रास आपल्या प्रदेशावरील हवाई क्षेत्रावर पूर्ण सार्वभौमत्व असते. सोव्हिएट प्रदेश टाळण्यासाठी १९५७ मध्ये कोपनहेगन–टोकिओ विमानसेवा अलास्कातील अँकरेजमार्गे सुरू झाली. १९८३ मध्ये फिनएअर कंपनीने डीसी-१० विमानांनी हेलसिंकी–टोकिओ विनाथांबा सेवा सुरू केली. तीही उत्तर ध्रुव व बेरिंग सामुद्रधुनी यांवरून जात असे. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्र भरवशाचे नसल्यामुळे तेथे बाह्य संकेतांवाचून चालणारी मार्गनिर्देशन यंत्रणा लागते. पुढे सायबीरियावरून जाण्याची अनुमती मिळाल्यावर मार्ग आखूड झाला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर यूरोपीय संघाने रशियन विमानांस व रशियाने यूरोपीय विमानांस आपले हवाई क्षेत्र बंद केले. मार्च २०२२ पासून फिनएअरची विमाने वाऱ्यांचा अंदाज घेऊन ध्रुवावरून अथवा काळा समुद्र, मध्य आशिया व चीन या दक्षिणेकडील मार्गाने जाऊ लागली. प्रवासकाल सु. १३ तासांवर गेला. वाढीव इंधनाच्या भारामुळे माल वाहून नेण्याची क्षमता घटते आणि कर्मचारीही अधिक लागतात. आशियाकडील लघुतम मार्गावरील स्थान हा हेलसिंकीच्या विमानतळाचा मुख्य लाभ होता. नगरांमधील अंतर तेच असूनही तो लाभ या निर्बंधांमुळे बव्हंशी नाहीसा झाला.