तांब्याची तार आणि काचेचा धागा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या वाड्यात दूरध्वनी आला तो १९७८ साली. वडिलांनी अर्ज केल्यानंतर तब्बल सहा वर्षांनी! त्या दिवशी घरात सत्यनारायण घातला होता की नाही हे आता आठवत नाही, परंतु पेढे वाटल्याचे पक्के स्मरते. माजघरातील कोनाड्यात, क्रोशाच्या रुमालाखाली, ते काळे, जड, चकतीचे यंत्र विराजमान झाले आणि पुण्याबेळगावच्या नातलगांना आमच्याकडून क्रमांक कळवणारी पत्रे गेली. पुढे शहर वाढले, क्रमांकातले आकडे वाढत वाढत सात झाले, परंतु शेवटचे आकडे तेच राहिले. ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहणे, ‘अर्जंट’ आणि ‘लाइटनिंग’ यांच्या दरांतील फरकावर वडिलांनी केलेला खल, रात्री अकरानंतर दर उतरतात म्हणून डोळे चोळत जागणारी मंडळी – हे सारे त्या कोनाड्याने पाहिले आहे.

गेल्या काही वर्षांत मात्र या यंत्राची कळा गेली. रस्ता खणला की तार तुटे, तार जोडली की पुन्हा रस्ता खणला जाई. तक्रार नोंदवावी, दहा दिवस थांबावे, मग कोणीतरी येऊन खांबाकडे पाहावे आणि मान हलवावी. अखेर सांगण्यात आले की आता तांब्याची तार दुरुस्त होणे नाही. काचेचा धागा घ्या, त्यावर इंटरनेटही येईल आणि दूरध्वनीही चालेल.

वाचक म्हणतील, घरात चार भ्रमणध्वनी असताना या कोनाड्यातल्या यंत्राचा एवढा सोस कशाला? सोस आमचा नव्हे, आत्याबाईंचा. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. तळमजल्यावरच्या मागील खोलीत त्या एकट्या राहतात. वर येऊन राहा म्हटले तर जिना दाखवतात. गुळगुळीत काचेवर बोट फिरवून फोन लावणे त्यांना जमत नाही. बोटाला कंप आहे, एकाऐवजी दुसरेच कोणीतरी ‘हॅलो’ म्हणते. बेळगावच्या धाकट्या बहिणीशी दर रविवारी बोलणे हा त्यांचा नेम, आणि रात्रीअपरात्री काही लागले तर वरच्या मजल्यावर आमच्या भ्रमणध्वनीवर घंटा देणे ही आमची दोघांची ठरलेली व्यवस्था. त्यामुळे नवी योजना स्वीकारताना माझी पहिली अट होती : क्रमांक बदलता कामा नये. भ्रमणध्वनीचा क्रमांक २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही टिकवता येतो, घरच्या स्थिर दूरध्वनीला ही मुभा आम्हांला मिळाली नाही. पहिल्याच सेवादात्याकडे राहिलो म्हणून जुना क्रमांक तांब्यावरून काचेवर चढला. ज्यांना क्रमांक प्रिय आहे त्यांनी हे आधी विचारून घ्यावे. जुनी जोडणी रद्द केल्यावर विचारून उपयोग नाही.

ठरल्या दिवशी एक तरुण कारागीर शिडी खांद्यावर टाकून आला. त्याच्या हातातले भेंडोळे पाहून आत्याबाईंनी विचारले, “अरे, ही तार की दोरा?” प्रश्न रास्त होता. त्या काळ्या वेष्टनाच्या आत जो काचेचा तंतू असतो त्याची जाडी मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी, आणि त्यातही प्रकाश ज्या गाभ्यातून धावतो तो जेमतेम नऊ मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहून कितीतरी बारीक. एका धाग्यातून एका रंगाचा प्रकाश आपल्याकडे येतो आणि दुसऱ्या रंगाचा आपल्याकडून जातो. दोन्ही आपल्या डोळ्यांना न दिसणारे. अशा तंतूला खिळा ठोकून आवळणे किंवा कोपऱ्यात काटकोनात दुमडणे वर्ज्य. वळण सुपारीएवढे नव्हे, निदान वाटीएवढे असावे, नाहीतर प्रकाश वळणावरच गळून जातो. आमच्या कारागिराने दाराच्या चौकटीपाशी तोच प्रमाद केला, आणि यंत्रावरचा तांबडा दिवा लुकलुकू लागला. वळण सैल केले, दिवा विझला. हा तांबडा दिवा ध्यानात ठेवावा. तो लागला म्हणजे प्रकाश घरापर्यंत पोहोचत नाही. मग आपण यंत्राची कितीही बटणे दाबली तरी व्यर्थ, तक्रारच नोंदवली पाहिजे.

राउटर नावाचे हे यंत्र आकाराने पंचांगाएवढे. मागे काचेच्या धाग्याची एक खाच, संगणकाच्या तारेसाठी चार रुंद खाचा, आणि एका कडेला त्यांहून अरुंद अशी दूरध्वनीची खाच. अनेकांचा समज असा की बिनतारी यंत्र आले म्हणजे फोनही बिनतारी झाला. तसे नाही. साधा फोन त्या अरुंद खाचेत तारेनेच जोडायचा असतो आणि ते हिताचेच आहे. घरातल्या बिनतारी लहरी कोठे पोहोचोत न पोहोचोत, फोनला त्याची झळ लागत नाही.

आम्ही मोठ्या हौसेने ते काळे यंत्र खाचेत जोडले. माझ्या भ्रमणध्वनीवरून क्रमांक लावला. जुनी, खणखणीत घंटा वाजली आणि आत्याबाईंनी टाळी दिली. मग त्यांनी चकती फिरवून बेळगाव लावायला घेतले, तर काहीच होईना! नुसता गुणगुणाट. कारण असे की चकतीचा फोन आकडे सांगतो ते विजेचा प्रवाह तोडून. पाच म्हणजे पाच वेळा खंड, शून्य म्हणजे दहा वेळा. जुने एक्स्चेंज हे खंड मोजत असे. नव्या राउटरांपैकी पुष्कळांना ही मोजदाद ठाऊकच नसते. त्यांना कळतात ते बटण दाबल्यावर उमटणारे स्वर, प्रत्येक आकड्याला दोन स्वरांची एक जोडी. तेव्हा बोलावणे येते, पण आपल्याला बोलावता येत नाही, अशी त्या यंत्राची अवस्था झाली. बाड्यावरून मोठ्या बटणांचा फोन आणला. आत्याबाईंनी तो चष्म्यातून न्याहाळला आणि ‘खेळण्यासारखा दिसतो’ असा अभिप्राय दिला.

आवाज या धाग्यातून जातो कसा, हे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. तांब्याच्या तारेत आपला आवाज लाटेच्या रूपाने अखंड वाहत असे. इथे यंत्र सेकंदाला आठ हजार वेळा त्या लाटेची उंची मोजते आणि ती आकड्यांत लिहिते. एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागातले आकडे एका पाकिटात भरते, त्यावर पत्ता घालते आणि रवाना करते. अशी पन्नास पाकिटे दर सेकंदाला. पलीकडे ती उघडून पुन्हा लाट तयार होते. चित्रपट पाहताना एखादे पाकीट हरवले तर ते पुन्हा मागवता येते. बोलण्यात ती चैन नाही, कारण मागाहून आलेला शब्द काय कामाचा? म्हणून उशिरा आलेले पाकीट सरळ टाकून दिले जाते आणि आपल्याला आवाज तुटल्यासारखा भासतो. एका बाजूने दुसरीकडे जाण्यास सेकंदाच्या सुमारे सातव्या भागापर्यंत वेळ लागला तर कानाला जाणवत नाही. त्याहून फार अधिक झाला की दोघेही एकदम बोलू लागतात आणि दोघेही एकदम थांबतात. या सगळ्याला लागणारी जागा मात्र अगदी थोडी. हल्लीच्या शंभर मेगाबिटांच्या जोडणीचा हजारावा भाग. तेव्हा ‘मुले चित्रपट पाहत होती म्हणून फोन लागला नाही’ ही सबब सहसा खरी नसते.

आता बिनतारी भागाकडे वळू. एके काळी साध्या रेडिओसाठीसुद्धा पोस्टात वार्षिक परवाना-शुल्क भरावे लागे. या घरगुती लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला आपल्याकडे २००५ पासून परवाना लागत नाही. परंतु सरकारने दिलेली मोकळीक आमच्या पूर्वजांनी बांधलेल्या भिंतींना मान्य नव्हती. ग्वाल्हेरचा वालुकाश्म, दोन हात जाडीची भिंत, वर दगडी पट्ट्यांचे छत! राउटर दिवाणखान्यात ठेवला तर स्वयंपाकघरात लहर मलूल आणि मागील खोलीत मृतप्राय. राउटरवर दोन पट्टे असतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकणारा, २.४ गिगाहर्ट्झचा मंद, पण भिंतीतून बऱ्यापैकी वाट काढणारा. वाड्यात दुसऱ्याचाच आधार. शेजारच्या चार घरांचे राउटरही त्याच पट्ट्यात बोलत असतात, आणि लहरींवर अन्न तापवणारी भट्टी सुरू झाली की तीही त्यात भर घालते. आम्ही राउटर लोखंडी कपाटाजवळून हलवून माजघरात, कोनाड्याच्या वरच्या फळीवर नेला. हे घराचे मध्य. तेवढ्याने निम्मे काम झाले. उरलेल्या कामासाठी जिन्याच्या कडेने एक साधी तार वर नेऊन दुसरे छोटे यंत्र बसवले. भिंतीतून लहर ढकलण्यापेक्षा दारातून तार नेणे सोपे, हे चार दिवस डोके फोडल्यावर आम्हांला सुचले.

परवलीच्या शब्दाविषयी एक सूचना. यंत्राच्या तळाशी कारखान्यातून छापून आलेला शब्द असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा. यंत्राच्या आतील मांडणीत शिरण्याचा शब्द वेगळा असतो, तोही बदलावा. आमच्या एका शेजाऱ्यांनी परवलीचा शब्द म्हणून आपला फोन क्रमांकच ठेवला आणि महिनाभर समोरच्या दुकानातली मुले फुकट गाणी ऐकत होती.

इतके सारे झाल्यावर आम्ही निश्चिंत झालो. आणि तिथेच चुकलो.

जेठातल्या एका रात्री आंधी आली. इकडच्या लोकांना तिचे वर्णन सांगायला नको. खिडक्या आपटल्या, तोंडात धूळ गेली आणि वीज गेली. असे नेहमीच होते; आम्ही गच्चीच्या दाराला कडी घालून झोपलो. पहाटे तीनच्या सुमारास पत्नी दचकून उठली. खालून धातूवर धातू आपटल्याचा आवाज येत होता. धावत गेलो तो आत्याबाई पलंगाच्या कडेला बसलेल्या, घामाने चिंब, हातात पाण्याचा तांब्या, आणि त्या तो पलंगाच्या लोखंडी दांडीवर मारीत होत्या. त्यांना मधुमेह आहे. रात्री जेवण कमी गेले होते आणि रक्तातली साखर उतरली होती. साखरपाणी पाजले. अर्ध्या तासाने चेहऱ्यावर रंग आला. मग क्षीण आवाजात म्हणाल्या, “तुझा फोन उचलला रे, पण त्यात जीवच नव्हता.”

जीव नव्हता, हे अक्षरशः खरे. जुन्या तांब्याच्या तारेतून नुसता आवाज येत नसे, तिच्यातून वीजही येत असे. एक्स्चेंजमध्ये ४८ व्होल्टच्या मोठ्या बॅटऱ्या असत, त्यांच्या मागे जनित्र असे, आणि अख्खे लष्कर अंधारात बुडाले तरी कोनाड्यातले यंत्र त्या दूरच्या विजेवर जिवंत राही. चाळीस वर्षांत आम्हांला याचा कधी विचारच करावा लागला नाही. काच मात्र वीज वाहून नेत नाही. घरची वीज गेली की राउटर विझतो, आणि त्याच्यासवे फोनही. हे आम्हांला ना त्या कारागिराने सांगितले, ना सेवादात्याच्या छापील कागदात ठळकपणे लिहिले होते. दोष त्यांना देऊन मी मोकळा होऊ शकलो असतो. परंतु घरात एक वृद्ध माणूस त्या यंत्रावर विसंबून आहे हे त्यांना नव्हे, मला ठाऊक होते.

दुसऱ्याच दिवशी राउटरसाठी लहान बॅटरीचा डबा आणला. राउटरला १२ व्होल्टचा प्रवाह लागतो. किती अँपिअर, ते त्याच्या अडॅप्टरवर लिहिलेले असते आणि तेवढे देऊ शकणाराच डबा घ्यावा. आमचा साधारण चार तास तग धरतो. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचे बटण त्याच्या मंडलावर घेतले की वेगळा डबा नको. आमच्या इन्व्हर्टरवर पंखे होते, दिवे होते, दूरदर्शन संच होता. माजघरातला कोनाडा तेवढा राहिला होता. रस्त्यावरील खांबावर जी वाटपपेटी असते, जिथे एका धाग्याचा प्रकाश अनेक घरांत विभागला जातो, तिला वीज लागत नाही. त्यामुळे एक्स्चेंजमधील यंत्रे आणि घरचा राउटर एवढे दोघे जागे असले तरी फोन चालतो. आत्याबाईंच्या मोठ्या बटणांच्या फोनलाही वेगळी वीज लागत नाही, तो राउटरच्याच तारेवर जगतो. बिनदोरीचा, पाळण्यात ठेवायचा फोन घेतला असता तर त्यासाठी आणखी एक सोय करावी लागली असती.

दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही मुख्य बटण बंद करतो आणि आत्याबाई खालून वर फोन लावतात. बॅटऱ्या कुरकुर न करता म्हाताऱ्या होतात. वर्षा-दोन वर्षांनी डबा बदलावा लागणार हे गृहीत धरले आहे. फोनशेजारी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत तीन ओळी लिहिल्या आहेत : आमचा क्रमांक, डॉक्टरांचा, आणि ११२. पलंगाशेजारी साखरेची डबी ठेवली आहे.

पाण्याचा तांब्याही तिथेच आहे. मी एकदा तो उचलून स्वयंपाकघरात ठेवला, तर आत्याबाईंनी परत मागवून घेतला.