हृदयाची झडप कुणी बनवली?

दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच वाद पेटतो: पीसीएम की पीसीबी? अशात एखादी मुलगी म्हणाली, मला डॉक्टरही व्हायचंय आणि यंत्रंही बनवायची आहेत, की मामा लगेच ऐकवतो, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या!’ मामाचा हेतू चांगला असतो, माहिती मात्र जुनी असते. वैद्यकी आणि बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं संशोधन यांची सांगड घालण्याबद्दल असे बरेच समज आपल्याकडे घट्ट बसले आहेत.

गैरसमज : यंत्रं इंजिनिअर बनवतात, डॉक्टर फक्त वापरतात.

वस्तुस्थिती पाहायला तिरुअनंतपुरमला जायला हवं. लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला की पुढे हृदयाच्या झडपा निकामी होऊ शकतात. आपल्या देशात असे रुग्ण भरपूर, तेही तरुण आणि बहुतेक गरीब घरांतले. कृत्रिम झडप मात्र परदेशातून यायची आणि तिची किंमत ऐकूनच घरचे मागे फिरायचे. श्री चित्रा तिरुनल संस्थेतले हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांनी १९७० च्या दशकात ठरवलं, झडप इथेच बनवायची. राजघराण्याने दिलेल्या पूजप्पुरातल्या राजवाड्यात संस्थेचा तंत्रज्ञान विभाग थाटला गेला आणि जी. एस. भुवनेश्वर यांच्यासारखे अभियंते कामाला लागले.

पहिलं मॉडेल फसलं, झडपेचा आधार जोडापाशी मोडला. दुसऱ्यात टायटॅनियमच्या चौकटीत कृत्रिम नीलमची तबकडी बसवली, तर चाचणीत टायटॅनियमच झिजलं. तिसऱ्यात धातू बदलला. ती झडप मेंढीच्या हृदयात बसवली आणि तबकडी फुटली. चौथ्या खेपेला कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चौकट आणि अतिलांब साखळीच्या पॉलिएथिलीनची, म्हणजे साध्या भाषेत एका चिवट प्लास्टिकची, तबकडी असा मेळ बसला. हृदय मिनिटाला ७० ठोक्यांच्या हिशेबाने वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा धडधडतं. प्रत्येक ठोक्याला तबकडी उघडायला आणि मिटायला हवी. म्हणून झडप आधी यंत्रावर कोट्यवधी वेळा उघडझाप करून तपासली गेली. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयात बसली. पुढे तिचं उत्पादन टीटीके समूहाने केलं (हो, प्रेस्टीज कुकरवाले तेच) आणि आजवर लाखाहून अधिक रुग्णांना ती बसवली गेली आहे.

आता ही झडप कुणी बनवली म्हणायचं? झडपेवर गुठळी धरली तर काय होतं, टाके घालायचं कडं कसं हवं, हे ऑपरेशन टेबलाशी उभं राहणाऱ्याला ठाऊक. धातू कुठे थकतो, हे इंजिनिअरला. वलियाथन यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. त्यांच्याकडे नेमका प्रश्न होता आणि तीन मॉडेलं वाया जाऊनही चौथ्यापर्यंत टिकण्याचा चिवटपणा होता. माझ्या मते या वाटेवरचं खरं भांडवल हेच.

गैरसमज : अशा कामासाठी एमबीबीएस आणि बीई, दोन्ही पदव्या लागतात.

नाही. एमबीबीएस झालेल्यांसाठी आयआयटी खरगपूरमध्ये वैद्यकीय विज्ञान आणि तंत्रज्ञानाचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. ‘गेट’ परीक्षेला एमबीबीएसवाल्यांना बसता येतं आणि २०२० पासून तिच्यात बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. उलट बाजूने येणाऱ्या इंजिनिअरांसाठी आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी आणि श्री चित्रा यांचा क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एमटेक आहे, तिथे त्यांना हॉस्पिटलात राहून शिकावं लागतं. अमेरिकेत एमडी आणि पीएचडी एकत्र करण्याच्या अभ्यासक्रमांना सरकारी पाठबळ १९६४ पासून आहे. तिकडे साधारण आठ वर्षं जातात, हे मनाशी धरूनच त्या रस्त्याला लागावं.

आणि काहीच अभ्यासक्रम न करताही हे काम होतं. आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये प्रा. बी. रवी यांनी सुरू केलेल्या ‘बेटिक’ या वैद्यकीय उपकरणांच्या केंद्रात डॉक्टर आपली अडचण घेऊन येतात आणि इंजिनिअर मंडळी ती प्रत्यक्ष पाहायला दवाखान्यात जातात. पुढे पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटीही या कामात आलं.

गैरसमज : बायोमेडिकल इंजिनिअर म्हणजे अर्धा डॉक्टर.

मुळीच नाही. रुग्ण तपासायला आणि औषध लिहायला एमबीबीएस आणि नोंदणी हवीच. बारावीला फक्त गणित घेतलेल्या इंजिनिअरला मात्र आता दार कायमचं बंद नाही. ‘नीट’ची वरची वयोमर्यादा २०२२ मध्ये गेली आणि २०२३ पासून जीवशास्त्र हा बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण झालेलाही चालतो.

गैरसमज : नमुना चालला की काम फत्ते.

खरी कसोटी इथून पुढे. भारतात वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ साली आले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. उपकरणांचे धोक्यानुसार ए ते डी असे चार वर्ग आहेत. हृदयाची झडप अर्थातच शेवटच्या, सर्वांत कडक वर्गात. माणसांवर चाचणी करायची तर नैतिकता समितीची परवानगी लागते. ‘मीच डॉक्टर आहे, माझ्याच पेशंटवर वापरून बघतो’ हे चालत नाही, चालूही नये.

पेटंटबाबतही गफलत होते. उपचाराची पद्धत आपल्याकडे पेटंट होत नाही, उपकरण होऊ शकतं. पण उत्साहाच्या भरात परिषदेत पोस्टर आधी लागतं आणि अर्ज मागाहून जातो. तोवर कल्पना जगजाहीर झालेली असते आणि नावीन्याचा दावा लंगडा पडतो. आधी अर्ज, मग पोस्टर.

गैरसमज : संशोधनात पडलं की प्रॅक्टिस सुटते.

सुटायलाच हवी असं नाही. उलट ओपीडी सुटली की प्रश्न सुचणंही आटतं. पण मामाच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, ते लपवू नये. पीजीची सीट, बाँड, ड्यूट्या यांतून वेळ काढायचा आणि बरोबरीचे मित्र कमवायला लागलेले पाहायचे, हे सोपं नसतं. पस्तिशीच्या आत स्वतःचं हॉस्पिटल उभारायचं असेल, तर ही वाट तुमची नव्हे.

एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरची विद्यार्थ्यांसाठी असलेली दोन महिन्यांची संशोधनवृत्ती आहे, तिच्यापासून सुरुवात करून पाहा. आणि अजून अकरावीच्या फॉर्मपाशीच असाल, तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घ्या. तशी मुभा आहे.