फसलेले गणित, उघडी वही

डब्लिनच्या हवेचा भरवसा नाही, हे इथे राहणाऱ्यांना ठाऊकच आहे. पण लुईस फ्राय रिचर्डसन यांच्या गणिताने कहरच केला होता. २० मे १९१० च्या नोंदींवरून त्यांनी हाताने आकडेमोड केली: जर्मनीत सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढतो! प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. तरीही १९२२ च्या पुस्तकात त्यांनी नोंदी आणि आकडेमोडीचे तक्ते छापले.

म्हणूनच अनेक दशकांनी आयरिश हवामानतज्ज्ञ पीटर लिंच यांना तेच गणित संगणकावर करता आले. उत्तर तेच! सुरुवातीच्या नोंदींतला गोंगाट गाळल्यावर मात्र बदल एका हेक्टोपास्कलच्या आत आला. म्हणजे पद्धत मुळात ठीक होती. आज शोधनिबंधासोबत कोड मागतात, तो याचसाठी. लिंच यांनी पुढे एनिॲक संगणकावरचे १९५० चे अंदाजही पुन्हा काढले आणि त्यांचा कोड सर्वांसाठी खुला ठेवला.