गणवेशातला फलंदाज : लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी

पुण्यात ३१ जुलै १९१९ रोजी जन्मलेल्या हेमचंद्र अधिकारी यांनी सैन्यसेवा आणि क्रिकेट या दोन निष्ठा एकाच आयुष्यात सांभाळल्या. महायुद्धामुळे कसोटी पदार्पण अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत लांबले. पुढेही लष्करी कर्तव्यापायी संघातील जागा अनेकदा सोडावी लागली. एकंदर कसोट्या अवघ्या २१. ऐन हंगामात पेढी मिटून बसणे काय असते, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको.

१९५२ साली दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध नऊ गडी बाद झाल्यावर त्यांनी गुलाम अहमद यांच्यासह १०९ धावांची भर घातली व स्वतः ८१ धावांवर नाबाद राहिले. अखेरच्या जोडीचा तो भारतीय विक्रम २००४ पर्यंत टिकला.

१९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजपुढे संघ कोलमडला, तेव्हा मालिकेतील चौथा कर्णधार म्हणून दिल्लीच्या शेवटच्या कसोटीस त्यांनाच पाचारण झाले. धावा ६३ व ४०, बळी तीन, सामना अनिर्णित. त्यानंतर ते कसोटी खेळले नाहीत.

मात्र त्यांचे खरे काम १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यात दिसले. अजित वाडेकर कर्णधार, अधिकारी व्यवस्थापक. क्षेत्ररक्षणाचा सराव त्यांनी पलटणीच्या कवायतीसारखा कसून घेतला. ओव्हलवर भारताने इंग्लंडच्या भूमीवरील पहिला कसोटी विजय मिळविला. त्या सामन्यात ॲलन नॉटचा झेल झेपावून टिपणारा एकनाथ सोलकर हा मरीन ड्राइव्हवरील हिंदू जिमखान्याचे मैदान राखणाऱ्याचा मुलगा होता.