नवी यॉट आधी खालून पाहावी

जर्मनीत ऱ्हाइनच्या काठी ड्युसेलडॉर्फला १९६९पासून ‘बूट’ हे बोटींचं मोठं प्रदर्शन भरतं. दिवस जानेवारीचे, गारठ्याचे, त्यामुळे सगळा थाट बंद दालनांत. शिडाच्या चाळीस-पन्नास फुटी नव्या यॉट तिथे जमिनीवर, आधार लावून उभ्या असतात. पादत्राणं काढायची, जिन्याने वर चढायचं आणि थेट केबिनमध्ये उतरायचं, हा बहुतेकांचा क्रम. गुळगुळीत लाकूडकाम, मऊ गाद्या, मंद दिवे पाहून माणूस तिथेच हरखतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, जिन्याकडे वळण्याआधी यॉटला खालून एक प्रदक्षिणा घाला. फ्रान्समधल्या कानसारख्या ठिकाणच्या प्रदर्शनात यॉट पाण्यातच उभ्या असतात. तिथे ही संधी नाही.

पोटाखाली उतरलेलं धातूचं जाड पातं म्हणजे कील. यॉटला कलंडू द्यायचं नाही आणि वाऱ्याने आडवं सरकू द्यायचं नाही, ही तिची कामं. यॉटच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तिच्यातच असतो. बहुतेक कील ओतीव लोखंडाच्या, महाग यॉटना शिशाच्या. शिसं लोखंडाच्या दीडपट जड, शिवाय गंजत नाही. ही कील फायबरच्या पोटाला बोल्टांनी आवळलेली असते. जोडाच्या रेषेवरून हात फिरवा. नंतर आत गेल्यावर जमिनीच्या फळ्या उचलायला सांगा आणि तेच बोल्ट वरून बघा. भोवतालची फासळ्यांची जाळी पोटाला नुसती चिकटवली आहे, की फायबरचे थर देऊन एकजीव केली आहे, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा.

मे २०१४मध्ये ‘चीकी राफिकी’ ही यॉट अँटिग्वाहून इंग्लंडला परतताना अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली. चौघेही खलाशी गेले. जीवरक्षक तराफा उलटलेल्या यॉटमध्ये जागच्या जागी सापडला. तो बाहेर काढायलाही उसंत मिळाली नव्हती. पूर्वी तळ घासल्याने आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे कीलजवळचा भाग कमकुवत झाला असावा, अशी शक्यता तपासात पुढे आली.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ‘सुहेली’ आपल्या मुंबईत बांधलेली. बत्तीस फुटी, सागवानी, लांबलचक कीलची. वेग बेताचा, पण दिशा धरून चालणारी. आजची अरुंद, खोल कील यॉटला चपळ करते. मात्र सगळा ताण त्या आखूड जोडावर येतो.

मागे दोन सुकाणू दिसतील. यॉटची मागची बाजू रुंद केली की खोल्या ऐसपैस होतात, पण कललेल्या यॉटचं मधलं एकटं सुकाणू पाण्याबाहेर येऊ लागतं. म्हणून दोन. धक्क्याला लागताना मात्र इंजिनाच्या पंख्याचा झोत दोहोंच्या मधून निघून जातो आणि यॉट वळायला कुरकुरते.

आता वर जायला हरकत नाही. जिन्यापासून पुढच्या खोलीपर्यंत आधाराचा हात न सोडता जाता येतं का, ते करून पाहा. प्रदर्शनात प्रशस्त वाटणारं दालन तीस अंश कललेल्या यॉटमध्ये धोक्याचं असतं. तोल गेला तर माणूस थेट पलीकडच्या कडेवर आदळतो. युरोपातल्या यॉटवर ‘ए’ वर्गाची पाटी असली, तर वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मापावर आठहून जास्त वारा आणि चार मीटरहून मोठ्या लाटा तिने सोसाव्यात अशी अपेक्षा असते. पण अशा हवेत आतल्या माणसाचं काय होईल, ते पाटी सांगत नाही.

मोठ्या यॉटची पूर्ण डोलकाठी छताखाली मावत नाही, शिडं चढलेली दिसत नाहीत. म्हणून बयाणा देण्याआधी चांगल्या वाऱ्यात समुद्रावर फेरी मागा, आणि सांगितलेल्या किमतीत शिडं, नांगर, साखळी धरली आहेत का, ते लिहून घ्या.