बारावीनंतर काय? ‘माहीत नाही’

सिल्वासाजवळच्या वासोण्यातल्या घरात हे उत्तर आलं की आई-बाबा हबकतात. खरं तर बहुतेकदा तो आळस नसतो, चुकण्याची भीती असते. म्हणून ‘काय व्हायचंय?’ हा मोठा प्रश्न बाजूला ठेवून छोटे प्रश्न विचारा: कुठला विषय सोपा जातो? घर सोडून राहशील?

वासोण्याच्या सिंह सफारीत रमणारं पोर पशुवैद्यक होईलच असं नाही. पण त्या वाटेला जीवशास्त्र लागतं, देशपातळीवरच्या १५ टक्के जागा ‘नीट’वर भरतात, एवढं तरी त्याला कळू द्या. २०२२पासून केंद्रीय विद्यापीठांतल्या पदवीप्रवेशासाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा आहे. या दोन्ही परीक्षा मराठीतूनही देता येतात, हे अनेकांच्या गावीही नसतं.

दूर जाण्याचीच धास्ती असेल तर सिल्वासात डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम शासकीय महाविद्यालय आहे. एकदा दोघं मिळून तिथं चक्कर मारा. माहितीपत्रकापेक्षा कँटीनमधली मुलं जास्त सांगतात.

अर्ज मात्र त्यालाच भरू द्या. तुम्ही शेजारी बसून नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जमातीचा दाखला तेवढा ताडून पाहा. पासवर्ड वहीत लिहून ठेवा.