लॉन मेलं, बरं झालं!

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीचं लॉन वारलं. डिसेंबरात घातलं होतं, वर्गणी काढून. ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटीही होती. मेमध्ये फक्त पाटी उरली. काँट्रॅक्टरने फोन उचलणं बंद केलं आणि जनरल बॉडी मीटिंगमध्ये ठराव आला : मागच्या पंधराशे स्क्वेअर फुटांवर पेव्हर ब्लॉक टाका, पाच गाड्या आरामात लागतील.

मी हात वर करून म्हटलं, ‘‘पण बाग हवी ना!’’ सेक्रेटरीकाका म्हणाले, ‘‘तू पत्रकार ना? मग लिहून आण प्लॅन. महिन्याभरात.’’ घ्या! डेडलाइन इथेही.

शाळेतली एक मैत्रीण लँडस्केप आर्किटेक्ट आहे. तिला फोन लावला, ‘‘कुठली झाडं लावू गं?’’ ती म्हणाली, ‘‘झाडाचं नाव महिनाभर काढायचं नाही.’’ पुढच्या रविवारी तिने मला सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी पाचला खडू घेऊन सावल्यांच्या कडा आखायला लावल्या. वॉचमन माझ्याकडे कसा बघत होता ते विचारू नका.

पण लॉनच्या खुनाचा उलगडा तिथेच झाला. आमची सात मजली बिल्डिंग प्लॉटच्या दक्षिणेला आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे इतका कललेला असतो, की ऐन दुपारीही बिल्डिंगची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी लांब पडते. म्हणजे हिवाळाभर मागची जागा अंधारात. आणि मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा सूर्य थेट डोक्यावर. थोडक्यात, लॉन आधी उन्हावाचून झुरलं आणि मग उन्हाने करपलं. त्यात ऐन उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागतं. आमच्या जागेचा हिशेब सहाशे लिटरच्या वर जातो. तेही टँकर मागवण्याच्या दिवसांत!

मग कुदळ मारली. वीतभर मातीखाली बिल्डरने सोडलेला राडारोडा : विटांचे तुकडे, मुरूम, एक अख्खी चप्पल. झाडं कशावर जगणार होती?

याला म्हणतात साइट अ‍ॅनालिसिस. ऊन, वारा, उतार, माती, पाणी आणि माणसं. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. बी विंगच्या जिन्यापासून मागच्या गेटपर्यंत एक तिरकी मळवाट आहे, किराणावाल्याकडे जायचा शॉर्टकट. काँट्रॅक्टरने नेमकी तीच लॉनखाली घातली आणि काटकोनात फरशा टाकल्या. लोक अर्थातच तिरकेच जात राहिले. मैत्रिणीने ट्रेसिंग पेपरवर पहिली रेघ मारली ती या मळवाटेची. रुंदी सव्वा मीटर, म्हणजे दोन माणसं गप्पा मारत शेजारी-शेजारी चालू शकतील.

मग तिने फुगे काढले. अक्षरशः फुगे. एक मुलांचा, एक सायकलींचा, एक सावलीत बसायचा. कोणता कशाला चिकटून, कोणता लांब, एवढंच ठरवायचं. बी विंगमधले आजोबा रोज संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची टाकून वॉचमनच्या केबिनपाशी बसतात. वॉकर आहे, त्यामुळे रस्ता ओलांडून महापालिकेच्या बागेत जाणं अशक्य. मागे गाड्या लागल्या, तर वॉचमनच्या केबिनपाशी गेटमधून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचा धूर खात बसायचं, दुसरं काय? बसायचा फुगा त्यांच्या जिन्याजवळ आला. मध्ये सहा इंचांची पायरी होती, तिला सहा फुटांचा उतार. एकास बारा, यापेक्षा चढण नको.

थिअरीचा क्लास झाला सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात. दहा एकरांची ही बाग जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेली आहे. मूळ बाग इकेदा त्सुनामासा या सरदाराने 1687 मध्ये सुरू केली, ती 1700 मध्ये पूर्ण झाली. मी इथे दहादा तरी फोटो काढायला आलेय, पण वाट का वळते हे कधी लक्षातच आलं नव्हतं. वळते, कारण सगळी बाग एका नजरेत दिसू नये. दगड तेच, पाणी तेच, छाटलेली झुडपं तीच पुन्हा-पुन्हा येतात. तरी कंटाळा येत नाही, कारण दर वळणावर त्यांचं प्रमाण बदलतं. समतोल म्हणजे डावीकडे दोन कुंड्या, उजवीकडे दोन कुंड्या, असं मला वाटायचं. इथे एका बाजूला मोठा दगड आणि दुसऱ्या बाजूला नुसती मोकळी हिरवळ, तरी काटा मध्यावर!

मला सगळ्यात आवडला तो ‘शाक्केई’चा फंडा, म्हणजे उसनं दृश्य. कोराकुएनमधून बाहेरचा ओकायामा किल्ला दिसतो, आणि तो बागेचाच भाग वाटावा अशी रचना आहे. आता आमच्या कंपाउंडपलीकडे शेजाऱ्यांचा जुना पिंपळ आहे. आमच्या काँट्रॅक्टरने त्याच्यासमोर आसुपालवाची भिंत उभारायचं ठरवलं होतं! ती कॅन्सल. पिंपळ आम्हाला फुकटात मिळाला.

झाडांची नावं चौथ्या आठवड्यात निघाली. लांबच्या कडेला एकच तामण, मीटरभर खोल-रुंद खड्ड्यात नवी माती घालून. बिल्डिंगलगत नेचे आणि सावलीत तगणारी झुडपं. बाकडं असेल तिथे पारिजातक. लॉन नाही. कामाचा क्रमही ठरला : आधी उतार आणि निचरा, मग पाइप, केबल, फरसबंदी आणि सगळ्यात शेवटी रोपं. आधीच्या काँट्रॅक्टरने बरोब्बर उलटं केलं होतं. गवत घातलं आणि पंधरा दिवसांनी केबलसाठी चर खणला.

मीटिंगला नकाशा टेबलावर पसरला. गाडीवाले भडकले. माझा भाऊही त्यांच्यातच होता (त्याची गाडी रस्त्यावर असते, आरसा दोनदा तुटलाय, त्याचंही खोटं नाही). शेवटी एका कोपऱ्यात सहा टू-व्हीलर, बाकी बाग, अशी तडजोड झाली. एकोणीस विरुद्ध चौदा.

आजोबा नकाशावर बराच वेळ वाकले होते. त्यांचा एकच प्रश्न होता, ‘‘बाकड्याला पाठ आहे ना?’’

नव्हती. मैत्रिणीने तिथल्या तिथे पेन्सिल काढली.